वारंवार फसणाऱ्या फ्रंटएंड चाचण्या: डमी डेटा आणि एपीआय मॉकिंगचे साधन कसे निवडावे

महापे, रबाळे, ऐरोली असो किंवा ठाण्यातील वागळे इस्टेट, फ्रंटएंडचे, म्हणजे वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाचे, काम करणाऱ्या टीममध्ये एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. चाचणी लॅपटॉपवर पास होते, सीआयवर (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) फेल होते आणि कोडमध्ये एका अक्षराचाही बदल न करता पुन्हा चालवली की पास होते. काही काळाने ‘री-रन कर, होईल पास’ हीच टीमची रीत होऊन बसते आणि मग खरा दोष दाखवणाऱ्या लाल खुणेकडेही कोणी लक्ष देत नाही. अशा वेळी चर्चा सुरू होते ती साधनांची: जेसन सर्व्हर (फाइलवरून चालणारा खोटा सर्व्हर) काढून एमएसडब्ल्यू (विनंती वाटेत अडवून खोटे उत्तर देणारे साधन) आणावे का, फेकर (डमी डेटा बनवणारे साधन) ठेवावे की नको, सगळे प्लेराइटमध्येच (ब्राउझर चालवून चाचणी घेणाऱ्या साधनात) मॉक करावे, म्हणजे खऱ्या उत्तराच्या जागी खोटे ठेवावे का. माझे स्पष्ट मत असे आहे की बिघाड कोणत्या जातीचा आहे हे न ठरवता साधन बदलले, तर जुना बिघाड नव्या साधनात जसाच्या तसा उतरतो. डमी डेटा तयार करणे, घड्याळ स्थिर ठेवणे, नेटवर्कवरील विनंती अडवून तिला उत्तर देणे आणि ते उत्तर बॅकएंडच्या (सर्व्हरकडील भागाच्या) खऱ्या उत्तराशी जुळते का हे तपासणे, ही चार वेगवेगळी कामे आहेत आणि ती चारही नीट करणारे एकच साधन उपलब्ध नाही.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण धरतो. ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मासिक मेंटेनन्सची बिले, थकबाकी आणि पावत्या दाखवणारे एक अ‍ॅप आहे. ते रिअ‍ॅक्टमध्ये लिहिलेले आहे, चाचण्या व्हिटेस्ट किंवा जेस्टवर चालतात, घटकांच्या (स्क्रीनच्या एकेका भागाच्या) चाचण्यांसाठी टेस्टिंग लायब्ररी आहे आणि संपूर्ण प्रवाह तपासण्यासाठी प्लेराइट आहे. आपल्याकडील बहुतेक टीमची मांडणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

आधी निदान

पहिली तपासणी अगदी साधी आहे. लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे आणि घटकांच्या सर्व चाचण्या चालवाव्यात. जी चाचणी आता फेल होते, ती आजवर खऱ्या नेटवर्कवर जात होती. अनेकदा कोणाच्याही लक्षात न आलेली एखादी विनंती, उदाहरणार्थ वापरकर्त्याची माहिती किंवा फीचर फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद ठरवणारी खूण) आणणारी, थेट स्टेजिंग सर्व्हरवर (प्रॉडक्शनआधीच्या तालमीच्या सर्व्हरवर) जात असते आणि स्टेजिंग मंद झाले की सीआय लाल होते. असे आढळले तर दोष डेटाचा नाही, विनंती अडवणाऱ्या साधनाच्या मांडणीचा आहे.

दुसरी तपासणी क्रमाची. व्हिटेस्टमध्ये चाचण्यांचा क्रम पिसण्याची सोय आहे, जेस्टमध्येही आहे. क्रम बदलल्यावर जी चाचणी फेल होते, तिच्यात आधीच्या चाचणीचा शिल्लक माल गळत आहे, मग तो बदललेला मॉक असेल, भरलेली कॅश (साठवून ठेवलेली आधीची उत्तरे) असेल किंवा डिस्कवरील फाइल असेल. याउलट एखादी चाचणी एकटीच, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा चालवली तरी अधूनमधून फेल होत असेल, तर संशय यादृच्छिक (रँडम) डेटावर किंवा वेळेवर घ्यावा. आणि सगळे काही हिरवे असूनही प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या वापरकर्त्यांपुढे) स्क्रीन कोरी येत असेल, तर मॉक आणि खरा बॅकएंड एकमेकांपासून दुरावले आहेत. या शेवटच्या प्रकारात चाचणी कधीच फेल होत नाही, म्हणून तो मला सर्वांत घातक वाटतो.

डमी डेटा: यादृच्छिकता कुठे हवी आणि कुठे नको

फेकर हे डमी डेटासाठी सर्वाधिक वापरले जाणारे जावास्क्रिप्ट साधन आहे. जुन्या प्रकल्पांत आधी एक गोष्ट पाहून घ्यावी. जानेवारी २०२२ मध्ये फेकरच्या मूळ लेखकाने रिपॉझिटरीतील (कोडच्या सामाईक साठ्यातील) कोड काढून टाकला आणि ६.६.६ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर इतर विकासकांनी वेगळ्या पॅकेज-नावाखाली ते काम पुढे चालू ठेवले. प्रकल्पाच्या पॅकेज फाइलमध्ये अजूनही नुसते ‘फेकर’ असे नाव असेल, तर ते समुदायाच्या पॅकेजने बदलावे. बदल करताना नावांचाही हिशेब ठेवावा लागतो, कारण आवृत्ती ८ मध्ये व्यक्तीची नावे आणि पत्ते देणाऱ्या विभागांची नावे बदलली गेली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सभासदांची यादी दाखवणारी चाचणी आहे आणि थकबाकी फेकरकडून शून्य ते पाच हजार या मर्यादेत पूर्णांकात घेतली आहे. चाचणी प्रत्येक ओळीत ‘भरणा करा’ हे बटण शोधते. थकबाकी शून्य आली की अ‍ॅप बटणाऐवजी ‘थकबाकी नाही’ असे दाखवते, आणि ते बरोबरच आहे. एका सदनिकेसाठी शून्य येण्याची शक्यता ५,००१ मध्ये एक आहे; पण यादीत वीस सदनिका असतील, तर साधारण अडीचशे रनमागे एकदा चाचणी पडेल. दिवसाला वीस-पंचवीस रन होणाऱ्या टीममध्ये म्हणजे जवळपास दर दहा-बारा दिवसांनी, आणि तोवर मागच्या वेळचे कोणाला आठवतही नाही.

नावांचेही तसेच. आडनावांच्या यादीत ३६५ आडनावे असतील आणि त्यांतून २३ सभासदांना यादृच्छिक आडनावे दिली, तर किमान दोघांचे आडनाव सारखे निघण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. टेस्टिंग लायब्ररीमध्ये मजकुरावरून एकच घटक मागणारी क्वेरी दोन जुळण्या सापडताच त्रुटी देते. येथे दोष क्वेरीचाही आहे. सदनिका क्रमांकावरून ओळ शोधून त्या ओळीतच नाव तपासणे योग्य. पण डेटा स्थिर असता तर हा दोष पहिल्याच दिवशी दिसला असता किंवा कधीच आड आला नसता.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे सीड, म्हणजे यादृच्छिक क्रमाची सुरुवात ठरवणारा आकडा, निश्चित करणे. सीड दिल्यावर फेकर त्याच आवृत्तीत तोच क्रम पुन्हा देते, हे खरे. मात्र त्यात तीन अटी आहेत. फेकरची आवृत्ती वाढली की त्याच सीडवर वेगळी मूल्ये येऊ शकतात. मध्येच कोणी एक नवे क्षेत्र जोडले, समजा पार्किंग क्रमांक, तर त्यानंतरची सर्व मूल्ये सरकतात. म्हणून सीड प्रत्येक चाचणीच्या आरंभी नव्याने द्यावे, एकदाच देऊन सोडू नये. आणि ‘गेल्या महिन्यातील तारीख’ यांसारख्या फंक्शनला सीड पुरत नाही, कारण ती आजच्या तारखेपासून मोजतात. त्यासाठी संदर्भ-तारीख वेगळी ठरवून द्यावी लागते. ही तिसरी अट फार जण विसरतात आणि सीड असूनही चाचण्या महिनाअखेरीस पडतात.

माझ्या मते घटकांच्या चाचणीत ज्या मूल्यावर अपेक्षा लिहिलेली आहे, ते मूल्य यादृच्छिक असूच नये. त्याऐवजी एक लहान फॅक्टरी फंक्शन लिहावे, ज्यात सभासदाची सर्व क्षेत्रे ठरावीक मूल्यांनी भरलेली असतील आणि प्रत्येक चाचणी फक्त आपल्याला महत्त्वाचे असलेले एखादे क्षेत्र बदलेल. ‘थकबाकी शून्य असलेला सभासद’ असे चाचणीत उघड वाचता आले पाहिजे. फिशरीसारख्या लायब्ररीने हे काम अधिक नीटनेटके होते, पण साध्या फंक्शननेही भागते. फेकरची जागा मग उरते ती संख्या भरून काढण्यासाठी: पाचशे सदनिकांची यादी सरकवताना स्क्रीन अडखळते का, स्टोरीबुकमध्ये (घटक सुटे दाखवणाऱ्या साधनात) पान भरलेले कसे दिसते, वगैरे. तेथे ते उत्तम आहे. सर्व भाषांसह ते काही मेगाबाइटचे होते, त्यामुळे हवी तेवढीच भाषा आयात करावी आणि प्रॉडक्शनच्या बंडलमध्ये (ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये) ते शिरत नाही ना, हे पाहावे.

भारतीय इंग्रजीचा डेटा फेकरमध्ये आहे, पण आपल्या भागातील वापरकर्त्यांचा खरा डेटा ज्या ठिकाणी अ‍ॅप मोडतो, त्या जागा हाताने लिहूनच ठेवाव्या लागतात. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. नवी मुंबईचे पत्ते घ्या. वाशीचा पिनकोड ४००७०३, नेरूळचा ४००७०६, ऐरोलीचा ४००७०८. हाताने लिहिलेल्या डमी डेटात एवढेच असेल, तर ‘पिनकोड ४०० ने सुरू झाला पाहिजे’ ही चुकीची तपासणी सर्व चाचण्यांतून सुखरूप बाहेर पडते आणि ४१०२१० लिहिणाऱ्या खारघरच्या सभासदाचा फॉर्म अडतो. उलट सहा यादृच्छिक अंक घेतले तर शून्याने सुरू होणारा पिनकोडही तयार होईल, जो भारतात अस्तित्वात नाही. मोबाइल क्रमांकाचेही असेच: तो ६ ते ९ या अंकांनीच सुरू होतो. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येते आणि नावावरून क्वेरी तयार करणारा कोड तेथे गडबडू शकतो. दोन सहमालकांची नावे एकत्र लिहिली की बिलावरची ओळ दुप्पट लांब होते. ‘स्मिता’ हे नाव जावास्क्रिप्टच्या हिशेबाने सहा एककांचे आहे. लांबी मोजून पहिली दोन एकके कापली, तर मागे पाय मोडलेला ‘स्’ उरतो. अ‍ॅपची भाषा मराठी करून रकमेचे स्वरूपन मराठी लोकेलने (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगने) केले, तर आकडे मुळातच देवनागरीत येतात आणि रोमन आकडे शोधणारी चाचणी पडते. अशा नावांची, पत्त्यांची आणि रकमांची एक फाइल करून प्रत्येकाची स्वतंत्र, नाव दिलेली चाचणी लिहावी. यादृच्छिक डेटा यांपैकी एखादी गोष्ट कधीतरी योगायोगाने पकडेल, पण तोवर ती ‘फ्लेकी’ (कधी पास, कधी फेल) म्हणून सोडून दिली जाईल.

प्रॉडक्शनचा डेटा कॉपी करून फिक्श्चर (चाचणीसाठी साठवलेला डेटा) बनवण्याचा मोह मात्र टाळावा. सभासदांची नावे, मोबाइल क्रमांक आणि थकबाकी रिपॉझिटरीत जाणे हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर निश्चितच धोक्याचे आहे, आणि कायदा नसता तरी त्या सभासदांच्या दृष्टीने ते अयोग्यच होते.

घड्याळ

आपल्याकडे हा बिघाड इतका सर्रास आढळतो की तो वेगळा सांगितला पाहिजे. लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, सीआयचे यंत्र सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते आणि दोहोंत साडेपाच तासांचे अंतर असते. समजा एप्रिलच्या बिलाची तारीख बॅकएंडने ‘३१ मार्च, १८:३० यूटीसी’ अशी पाठवली. भारतीय वेळेनुसार तो १ एप्रिलचा पहिला क्षण आहे. लॅपटॉपवर ‘१ एप्रिल’ दिसते, सीआयवर ‘३१ मार्च’. आणि आर्थिक वर्षाप्रमाणे बिले गाळणारा कोड असेल, तर ते बिल थेट मागच्या वर्षात जाऊन पडते. याचेच दुसरे रूप म्हणजे आजची तारीख काढण्यासाठी आयएसओ मजकुराचे पहिले दहा वर्ण कापणे: रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत त्यातून कालची तारीख मिळते.

चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता असा लिहून टाकला की सीआय हिरवे होते, पण तो उपाय नव्हे; त्याने दुबईत राहणाऱ्या सभासदाला अजूनही चुकीची तारीख दिसणार आहे. बिलाची तारीख नेहमी भारतीय वेळेनुसारच दाखवायची असेल, तर स्वरूपन करणाऱ्या कोडमध्ये टाइमझोन स्पष्ट लिहावा आणि सीआय मुद्दाम यूटीसीवरच ठेवावे. मग चाचणी दोन्हीकडे पास झाली, तरच कोड बरोबर आहे असे म्हणता येईल.

‘आज’ कोणता दिवस आहे हे ठरवण्यासाठी व्हिटेस्ट किंवा जेस्टचे फेक टायमर (खोटे घड्याळ) वापरताना सगळेच टायमर गोठवू नयेत. मायक्रोटास्कची (लगेच पार पाडायच्या छोट्या कामांची) रांगही गोठवली गेली, तर एमएसडब्ल्यूने दिलेल्या उत्तराचा मजकूर वाचताना चाचणी तशीच अडकून राहते आणि शेवटी टाइमआउटची त्रुटी येते, ज्यावरून मूळ कारण लक्षात येणे अवघड असते. फक्त तारीख गोठवण्याचा पर्याय दोन्ही साधनांत मिळतो. बहुतेक वेळा तेवढाच पुरतो.

विनंती कोणत्या पातळीवर अडवावी

मॉकिंगचे साधन निवडताना खरा प्रश्न हा आहे. पहिली पातळी म्हणजे एपीआयला (बॅकएंडकडून डेटा मागण्याच्या ठरलेल्या मार्गाला) हाक मारणारे आपले फंक्शनच बदलून टाकणे, दुसरी म्हणजे कोड जसाच्या तसा चालू देऊन नेटवर्कच्या उंबरठ्यावर विनंती अडवणे आणि तिसरी म्हणजे वेगळा खोटा सर्व्हर उभा करणे.

पहिली पातळी सर्वांत स्वस्त आहे आणि तिनेच सर्वाधिक खोटा दिलासा मिळतो. एक नेहमी घडणारा प्रसंग पाहा. अ‍ॅप पूर्वी अ‍ॅक्सिऑस ही विनंत्या पाठवणारी लायब्ररी वापरत होते आणि पुढे कोणीतरी बंडल हलके करण्यासाठी ब्राउझरचे अंगभूत फेच वापरायचे ठरवले. अ‍ॅक्सिऑस ४०० किंवा ५०० मालिकेचे (अपयश सांगणारे) उत्तर आले की त्रुटी फेकते. फेच तसे करत नाही, त्याचे प्रॉमिस पूर्ण होते आणि उत्तर यशस्वी होते का हे आपल्याला तपासावे लागते. चाचण्यांत ‘बिल भरा’ हे फंक्शनच मॉक केलेले होते आणि अपयशाच्या चाचणीत ते मॉक स्वतःच त्रुटी फेकत होते. त्यामुळे बदलानंतरही सर्व चाचण्या हिरव्या राहिल्या. प्रत्यक्षात सर्व्हरने ५०० दिले, कोडने ते यश मानले आणि सभासदाला ‘भरणा पूर्ण झाला’ असे दिसले. नेटवर्कच्या पातळीवर ५०० परत करणारी एक चाचणी असती, तर ती पहिल्याच रनला पडली असती. पैशांशी संबंध असलेल्या कोणत्याही प्रवाहात फंक्शन मॉक करणे म्हणूनच मी टाळतो. तारीख मोजणारे किंवा रकमेला अक्षरी रूप देणारे शुद्ध फंक्शन तर मॉक करण्याची गरजच नसते.

घटकांच्या चाचण्यांसाठी माझी शिफारस दुसऱ्या पातळीची आणि तिच्यातही एमएसडब्ल्यूची आहे. ब्राउझरमध्ये ते सर्व्हिस वर्करद्वारे (पानामागे चालणाऱ्या स्क्रिप्टद्वारे) विनंती अडवते आणि नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या वातावरणात) विनंती पाठवणाऱ्या मॉड्यूलना गाठून तेच करते, त्यामुळे एकदा लिहिलेले हँडलर (कोणत्या विनंतीला काय उत्तर द्यायचे हे सांगणारी फंक्शने) चाचण्या, स्टोरीबुक आणि बॅकएंड तयार नसतानाचे काम या तिन्ही ठिकाणी चालतात. मिराज जेएस हेही चांगले साधन आहे. सभासद, सदनिका आणि बिले यांचे परस्परसंबंध सांभाळणारा स्मृतीतील डेटाबेस त्यात तयार मिळतो. पण त्यात अडवलेल्या विनंत्या ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसत नाहीत आणि बिघाड शोधताना ही उणीव फार जाणवते. नॉक हे असेच साधन नोडपुरते आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्या नोडमधील अंगभूत फेच पकडत नाहीत, ती सोय आवृत्ती १४ पासून आहे. अ‍ॅक्सिऑसचा मॉक अ‍ॅडॅप्टर अ‍ॅक्सिऑससोबतच संपतो, हे वरच्या प्रसंगावरून लक्षात येईल.

एमएसडब्ल्यू आणले तरी बिघाड राहतो, अशी तक्रार करणाऱ्यांकडे बहुधा पुढील गोष्टी सापडतात. हँडलर नसलेल्या विनंतीबाबतचे मूळ धोरण फक्त इशारा छापण्याचे आहे. इशारा छापून विनंती खऱ्या नेटवर्कवर जाते. ते धोरण ‘त्रुटी’ असे करावे. तेवढ्यानेही काम संपत नाही, कारण आपला कोड ती नेटवर्क-त्रुटी झेलून शांत बसला तर चाचणी पासच होते. म्हणून हँडलर न मिळालेल्या विनंतीची घटना ऐकून तिची नोंद ठेवावी आणि प्रत्येक चाचणीनंतर नोंद रिकामी नसेल तर चाचणी फेल करावी. ही थोडी जास्तीची मांडणी मी प्रत्येक प्रकल्पात आग्रहाने करायला सांगेन.

चाचणीपुरते बदललेले हँडलर प्रत्येक चाचणीनंतर मूळ स्थितीत आणणारी ओळ राहून गेली, तर एका चाचणीतील ५०० पुढच्या चाचणीत गळतो. चाचण्या समांतर चालत असतील, तर एकाच हँडलर-यादीवर दोघींचा हात पडतो. आवृत्ती २ मध्ये त्यासाठी सीमा आखून देण्याची सोय आहे. हँडलरच्या पत्त्यात क्वेरी पॅरामीटर लिहिले, तर ते जुळवणीत धरले जात नाहीत, त्यामुळे ‘पान २’ मागितले तरी पान १ चाच डेटा येतो आणि पानांचे आकडे हलवणारा कोड तुटलेला असूनही चाचणी हिरवी राहते. विनंतीच्या पत्त्यातून पान क्रमांक वाचून त्याप्रमाणे उत्तर द्यावे. ‘लोड होत आहे’ ही अवस्था तपासताना उत्तर लगेच येऊन ती अवस्था निसटते. तेथे कधीही न संपणारा विलंब द्यावा, अंदाजाने मिलिसेकंद लिहू नयेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती २ ने हँडलर लिहिण्याची पद्धत बदलली आणि नोड १८ ची अट घातली. जेस्टच्या जेएसडॉम (ब्राउझरची नक्कल करणाऱ्या) वातावरणात नोडचे स्वतःचे फेच, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि टेक्स्ट एन्कोडर झाकले जातात, म्हणून आवृत्ती वाढवताच ‘रिक्वेस्ट सापडत नाही’ अशा त्रुटी येतात. एकेक पॉलिफिल (उणीव भरून काढणारा कोड) चिकटवत बसण्यापेक्षा जेस्ट-फिक्स्ड-जेएसडॉम हे वातावरण घ्यावे किंवा शक्य असेल तर व्हिटेस्टवर जावे.

जिचा दोष मॉकिंगला दिला जातो, पण कारण दुसरेच असते, अशीही एक जागा आहे. टॅनस्टॅक क्वेरी ही डेटा आणून साठवणारी लायब्ररी अपयशी विनंती मुळात तीन वेळा पुन्हा करते आणि मधली थांबण्याची वेळ एक, दोन, चार सेकंद अशी वाढत जाते, म्हणजे त्रुटीचा संदेश स्क्रीनवर यायला सुमारे सात सेकंद लागतात. जेस्ट आणि व्हिटेस्ट दोहोंची मूळ मर्यादा पाच सेकंदांची आहे, आणि टेस्टिंग लायब्ररीची वाट पाहणारी क्वेरी तर एका सेकंदातच थांबते. चाचण्यांत पुनर्प्रयत्न बंद करावेत आणि प्रत्येक चाचणीसाठी नवा क्वेरी क्लायंट तयार करावा, नाहीतर आधीच्या सोसायटीची बिले कॅशमधून पुढच्या चाचणीत दिसतात.

तिसऱ्या पातळीविषयी थोडक्यात. जेसन सर्व्हर एका जेसन फाइलवरून काही मिनिटांत पूर्ण रेस्ट एपीआय देतो, आणि बॅकएंडच्या आधी डेमो दाखवायचा असेल तर त्याला तोड नाही. पण नवी नोंद पाठवली की तो ती त्याच फाइलमध्ये लिहितो, म्हणजे प्रत्येक रन पुढच्या रनचा डेटा बदलतो. चाचण्यांच्या संचाखाली तो ठेवू नये. जेसन प्लेसहोल्डर शिकण्यासाठी उपयुक्त आहे, मात्र तो इंटरनेटवर आहे आणि त्याचा डेटा आपल्या विषयाचा नाही. मॉकून डेस्कटॉपवर चालते आणि कोड न लिहिणाऱ्या टेस्टरला स्वतः उत्तरे बदलून पाहता येतात.

मॉक खऱ्या बॅकएंडपासून दुरावू नये म्हणून

बॅकएंडने थकबाकीचे क्षेत्र संख्येऐवजी मजकूर म्हणून पाठवायला सुरुवात केली, तर हाताने लिहिलेला कोणताही मॉक ते सांगू शकत नाही. थकबाकीत दंड मिळवताना बेरजेऐवजी जोडणी होते आणि १२५० व ५० यांचे १२५०५० होतात. याला उपाय एकच: मॉकचे स्वरूप हाताने न लिहिता करारातून काढावे. बॅकएंडकडे ओपनएपीआयचे (एपीआय ठरावीक पद्धतीने लिहून ठेवणारे) वर्णन असेल, तर त्यातून टाइपस्क्रिप्टचे प्रकार तयार करावेत आणि फॅक्टरी व हँडलर त्याच प्रकारांना बांधावेत. मग क्षेत्र बदलताच कंपाइलर थांबवतो. ऑर्व्हलसारखे साधन त्याच वर्णनातून एमएसडब्ल्यूचे हँडलरही तयार करून देते, पण त्यातील मूल्ये फेकरची असतात हे लक्षात ठेवून अपेक्षेची मूल्ये आपल्या फॅक्टरीतूनच द्यावीत. प्रिझम त्याच वर्णनावर मॉक सर्व्हर चालवते आणि खऱ्या सर्व्हरपुढे प्रॉक्सी म्हणून बसवले तर वर्णनाशी न जुळणारे उत्तर दाखवून देते. फ्रंटएंड आणि बॅकएंड टीम वेगवेगळ्या कंपन्यांत असतील आणि वर्णन वेळेवर अद्ययावत होत नसेल, तर पॅक्टचा विचार करावा; त्यात फ्रंटएंडच्या अपेक्षा लिहून बॅकएंडच्या सीआयमध्ये तपासल्या जातात. त्यासाठी दोन्ही टीमची तयारी लागते, आणि ती नसेल तर पॅक्ट नुसते बसवून उपयोग होत नाही.

प्लेराइट आणि एमएसडब्ल्यू एकत्र

प्लेराइटची स्वतःची मार्ग अडवण्याची सोय पुरेशी आहे आणि सायप्रेसमध्येही तशीच आहे. अडचण येते ती अ‍ॅपमध्ये विकासासाठी एमएसडब्ल्यूचा सर्व्हिस वर्कर चालू असताना प्लेराइटमधूनही विनंती अडवू पाहिली की. सर्व्हिस वर्करने आधीच हाताळलेली विनंती प्लेराइटच्या हाती लागत नाही आणि ‘माझा मॉक कधी लागतो, कधी लागत नाही’ अशी तक्रार सुरू होते. प्लेराइटमध्ये सर्व्हिस वर्कर रोखण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा आणि मॉक एकाच ठिकाणी ठेवावा. प्रत्यक्ष रहदारी हार (नेटवर्कवरील विनंत्या-उत्तरांच्या नोंदीच्या) फाइलमध्ये नोंदवून ती पुन्हा वाजवता येते, पण त्या फाइलमध्ये लॉगिनचे टोकन आणि सभासदांची माहितीही येते. ती कमिट करण्याआधी डमी खात्यावरच नोंदवलेली आहे ना, हे पाहावे. बिल तयार होणे, भरणा आणि पावती एवढे मोजके प्रवाह मात्र स्टेजिंगवर मॉकशिवाय चालवावेत.

जुन्या, मोठ्या संचाची दुरुस्ती करायची असेल, तर मी हा क्रम ठेवीन: आधी हँडलर नसलेल्या विनंतीवर चाचणी पाडणे, मग टाइमझोन आणि पुनर्प्रयत्न, मग फॅक्टरी आणि सगळ्यांत शेवटी ओपनएपीआयचे प्रकार. पहिल्या पायरीला बऱ्याच चाचण्या एकदम लाल होतील, त्यामुळे हे काम रिलीजच्या आठवड्यात काढू नये. सीआयवरील आपोआप पुन्हा चालवण्याची सेटिंग घटकांच्या चाचण्यांसाठी शून्यावर आणावी. प्लेराइटसाठी एक पुनर्प्रयत्न ठेवायला हरकत नाही, कारण दुसऱ्या खेपेस पास झालेल्या चाचण्या त्याच्या अहवालात ‘फ्लेकी’ म्हणून वेगळ्या येतात. ती यादी स्प्रिंटच्या आरंभी उघडून त्यातील प्रत्येक चाचणी कोणाकडे तरी नावानिशी सोपवावी.